साहेबांचा मिस कॉल

आमच्या सातमळ्यात मिस कॉलचे नियम आहेत. ते कुणी बसून ठरवलेले नाहीत. वरच्या घरातल्या मैनावहिनीला पहाटे वळणावर बसचे दिवे सगळ्यांत आधी दिसतात. ती खाली नवसाबाईला एक रिंग देते आणि कापते. याचा अर्थ, बस दिसली. नवसाबाई उलट एक रिंग देते. याचा अर्थ, समजलं. मग नवसाबाई पुढच्या घराला रिंग देते, तिकडूनही उलट रिंग येते, आणि बस फाट्यावर पोचायच्या आत मळ्यातल्या सगळ्या बायका फुलांच्या पाट्या डोक्यावर घेऊन रस्त्याला लागलेल्या असतात. फोन कुणी उचलत नाही. बोलणं आता फुकट झालंय, पण हात ओले असतात, डोक्यावर पाटी असते, आणि बोलण्यासारखं काही नसतंच.

नवसाबाई म्हणजे माझी मोठी चुलती. मी तिला मोठ्याई म्हणते. मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आणि सातपूरच्या एका प्रयोगशाळेत तापमापकं आणि वजनकाटे तपासायला लागले, त्यामुळे मला अशा गोष्टींचं कौतुक. एकदा मी तिला म्हणाले, "मोठ्याई, निरोप गेला आणि पोचल्याची पावतीपण आली. यात बिघडायला काही जागाच नाही."

"बिघडंल कशाला?" ती शेवंती निवडता निवडता म्हणाली. "रिंगच तर हाय."

बिघडलं ते आधी बसचं. पावसाळा सरता सरता शहर बससेवेनं पहाटेच्या पहिल्या फेरीचा रस्ता बदलला. बस आश्रमशाळेच्या थांब्यावरून सरळ नव्या रुंद रस्त्यानं गंगापूर रोडला जाऊ लागली आणि आमच्या फाट्याचं वळण सुटलं. नवरात्र तोंडावर आलेलं. शेतात झेंडू असा फुललेला की दुपारी त्याच्याकडे बघवत नव्हतं.

मोठ्याईची सगळी काळजी एका पायरीची होती. पंचवटीतल्या फुलबाजारात देवळाला लागून एक पायरी आहे. तिथे ती लग्न होऊन आल्यापासून बसते. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला ती पायरी दिसते आणि सकाळचं ऊन तिथे उशिरा येतं, म्हणून फुलं टवटवीत राहतात. जागा कुणाच्या नावावर नसते. उजाडायच्या आत जी रोज येते तिला बाजार तिची जागा राखतो. चार दिवस उशीर झाला की दुसरी बसते आणि मग भांडूनही उपयोग नसतो. बस गेल्यावर बायका रंगनाथच्या पिकअपमधून जाऊ लागल्या. रंगनाथ आधी पलीकडच्या मळ्यातली कोथिंबीर भरायचा आणि ऊन वर आल्यावर आमच्याकडे यायचा. मोठ्याई नाल्याच्या कडेला, प्लास्टिकच्या पिशव्या विकणाऱ्याच्या मागे बसून यायची.

"दसऱ्याला तिथंच बसले ना," ती म्हणाली, "तर माझं गिऱ्हाईक म्हनंल, नवसाबाई मेली."

"असं काय बोलतेस?"

"मंग काय म्हनंल? जिवंत असती तर पायरीवर नसती का?"

मी मनावर घेतलं. 'सातमळा बस' नावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला. पहिल्याच दिवशी त्यावर सुप्रभात लिहिलेली गुलाबांची चित्रं आली. फुलं पिकवणाऱ्या बायका एकमेकींना दुसऱ्याच कुणाच्या फुलांची चित्रं पाठवतात, हे मला तेव्हा कळलं. मग मी प्रत्येकीला सांगितलं की फाट्यावर उभं राहून अडचण काय ती मोबाइलवर बोला आणि व्हिडिओ पाठवा. चिमणाबाईंचा व्हिडिओ आला. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत त्यांचं कपाळ होतं. आवाज मात्र खणखणीत होता: "नमस्कार, मी चिमणाबाई, माझी बस परत करा. ए, कोंबडी हाकल ती!"

मैनावहिनीनं वेगळं केलं. वळणावरचे बसचे दिवे तिनं मागच्या वर्षी सहज टिपून ठेवले होते, धुक्यातून येणारे, पिवळे. तोच व्हिडिओ तिनं टाकला आणि खाली बोलून ठेवलं, "हे आता दिसत नाय."

हे सगळं मी तक्रारीच्या ॲपवर चढवायला बसले. ॲपनं विचारलं, थांबा निवडा. यादीत आश्रमशाळा होती, पुढचा गंगापूर रोडचा थांबा होता. आमचा फाटा नव्हता. मी 'सातमळा' लिहून पाहिलं, 'फाटा' लिहून पाहिलं, दोन्ही शब्द उलटसुलट करून पाहिले. शेवटी 'इतर' निवडलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं: थांबा आढळला नाही, तक्रार निकाली काढण्यात आली आहे. खाली विचारलं होतं, आपले समाधान झाले का? हे उत्तर मी ग्रुपवर वाचून दाखवलं.

मी चिकाटीनं फोन करत गेले आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात वेळापत्रक बघणाऱ्या अधिकाऱ्यापर्यंत पोचले. त्यांचं नाव समाधान आहेर. हे मी ग्रुपवर सांगितल्यावर चिमणाबाई म्हणाल्या, "घ्या! ते तेच इचारत होते तर."

आहेर साहेब तरुण होते आणि चिडत नव्हते. "मॅडम, माझ्यासमोर संगणक आहे," ते म्हणाले. "मागच्या वर्षभरात तुमच्या त्या फाट्यावरून एकही प्रवासी चढलेला दिसत नाही. एकही. आश्रमशाळेवरून भरपूर. म्हणून तर आम्ही बस सरळ नेली, त्या लोकांचा वेळ वाचावा म्हणून."

"साहेब, आमच्या बायका रोज चढतात."

"तुम्ही म्हणता. पण तुम्ही एकट्या म्हणता. त्या बायकांना सांगा ना मला फोन करायला. आठ-दहा जणींनी स्वतः सांगितलं तर मला वरती बोलता येईल. माझा नंबर द्या त्यांना, माझी ना नाही."

मला फार बरं वाटलं. मी ग्रुपवर नंबर टाकला आणि सोबत बोलून ठेवलं, "सगळ्यांनी साहेबांना फोन करा. आपण फाट्यावर चढतो हे त्यांना कळू द्या." मग कामावर गेले. प्रयोगशाळेत फोन आत नेता येत नाही, दारातल्या कपाटात ठेवावा लागतो.

संध्याकाळी फोन हातात घेतला तेव्हा ग्रुपवर नाचणाऱ्या बाहुल्यांचा पूर आला होता. हात जोडलेले, हार, फटाके, एका ठिकाणी चुकून केक. मी वर वर जात मोठ्याईच्या निरोपापाशी पोचले. तिचा आवाज इतका चढलेला मी फक्त लग्नात ऐकलाय.

"बायांनो, ऐका! साहेबाला समजलं! मी रिंग दिली, तर त्यानं उलट रिंग दिली! चिमणाबाईला पन दिली, मैनाला पन दिली! सगळ्यांला दिली! उद्याच्याला बस येती. फुलं तोडायला घ्या!"

मी गेटपाशी तशीच उभी राहिले. काय झालं असेल ते मला टप्प्याटप्प्यानं दिसत गेलं. मी 'फोन करा' म्हणाले होते. सातमळ्यात फोन करणं म्हणजे एक रिंग देऊन कापणं. साहेबांच्या फोनवर एकामागून एक मिस कॉल पडले. साहेब सभ्य माणूस, त्यांनी प्रत्येकीला उलट फोन लावला. आणि प्रत्येकीनं ती रिंग ऐकली, फोन कापला आणि आनंदानं ओरडली.

साहेबांनी मलाही फोन केला होता, सात वेळा. मी लावला तर त्यांचा बंद. मी त्यांना बोलून निरोप ठेवला: आमच्याकडे उलट रिंग म्हणजे समजलं, आमच्या बायकांना वाटतंय तुम्ही हो म्हणालात, उद्या पहाटे सगळ्या फुलं घेऊन फाट्यावर उभ्या राहतील, काही करता आलं तर बघा. मग स्कूटी काढून थेट मळ्यात गेले.

झेंडूचे वाफे निम्मे रिकामे झाले होते. ओटीत फुलं घेऊन बायका गाणी म्हणत होत्या. मोठ्याईच्या अंगणात केशरी ढीग तिच्या कमरेपर्यंत आलेला.

"मोठ्याई, बस येणार नाहीये."

"येनार हाय. त्यानं रिंग दिली."

"त्यानं फोन केला होता! बोलायला! तू कापलास!"

"मंग उचलायचा व्हय? रिंगला रिंग आली का उचलत नसतात."

"तुझ्या नियमात. त्याला कुठे माहितीयेत आपले नियम?"

मोठ्याईनं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "एवढा साहेब झाला, त्याला रिंग कळत नाय?"

"मग निदान रंगनाथला तरी ये म्हणावं. पिकअप असू दे."

"त्याला मी सांगितलं, येऊ नको म्हनून. म्हनलं, आता तुझी गरज नाय, तू तुझी कोथिंबीर सांभाळ." तिनं एक फूल उचलून ढिगावर नीट ठेवलं. "त्यानं दुसरं भाडं घेतलं."

रंगनाथला मी फोन केला. त्यानं उचलला, पण नुसता हसण्यापुरता.

तोडलेलं फूल परत झाडाला लागत नाही आणि झेंडू ढिगात फार वेळ गप्प बसत नाही, आतून तापायला लागतो. दसऱ्याच्या आधीचा एवढा माल फाट्यावर पडून राहिला असता. मोठ्याई मात्र नवीन हिरवी साडी काढून उशाशी ठेवून झोपली.

पहाटे फाट्यावर सातमळा नटून आला होता. पंचवीस-तीस बायका, तेवढ्याच पाट्या, वर ओली फडकी. कुणी अबोलीचा गजरा माळलेला. चिमणाबाईंनी बसच्या आरशाला बांधायला आंब्याचं तोरण आणलं होतं. मैनावहिनी वरच्या घरात थांबली होती, दिवे दिसले की रिंग द्यायला. प्रत्येकीच्या हातात फोन, आणि सगळे फोन गप्प.

पूर्वेला फटफटायला लागलं. बोलणं कमी होत गेलं. एका बाईनं पाटी खाली ठेवली, मग तिच्या शेजारणीनं ठेवली. मोठ्याईनं ठेवली नाही.

"मान दुखेल," मी म्हणाले.

"दुखू दे. तू बोलू नको माझ्याशी."

तेवढ्यात तिच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. एक रिंग. सगळ्या ताठ उभ्या राहिल्या. वळणावरून दिवा आला, पण एकच, आणि तो हलत हलत येत होता. एक मोटरसायकल आमच्यासमोर थांबली. हेल्मेट निघालं. आत डोळे तांबारलेला, विंचरायचं राहून गेलेला माणूस होता.

"योगिनी मॅडम कोण?"

"मी. आहेर साहेब?"

साहेब म्हटल्याबरोबर बायकांनी त्यांना घेरलं. चिमणाबाईंनी बससाठी आणलेलं तोरण त्यांच्याच गळ्यात घातलं. ते जरा लांब होतं, गुडघ्यापर्यंत आलं.

"हाई काय शे?" साहेबांच्या तोंडून निघून गेलं. ते बागलाणातले, नामपूरचे. गडबडले की अहिराणी येते, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. "अहो, थांबा, थांबा! मी हार घ्यायला आलेलो नाही. मी हो म्हणालोच नाही, हे सांगायला आलोय!"

"म्हनाले तर!" मोठ्याई डोक्यावरच्या पाटीसकट पुढे आली. "काल दुपारी. माझ्या फोनवर हाय अजून."

"बाई, तुम्ही मला मिस कॉल दिला, म्हणून मी फोन लावला!"

"मिस कॉल कशाला? मी फोन केला."

"एक रिंग देऊन कापला!"

"मंग तोच की फोन."

साहेबांनी डोक्याला हात लावला. "आमच्या नामपूरला मिस कॉल म्हणजे 'तू मला फोन कर'. माझी आई रोज देते. मी काल दिवसभर फोन लावत बसलो. ही कापते, ती कापते. मला वाटलं, एवढ्या बायका चिडल्यात का माझ्यावर? शेवटी बॅटरी संपली."

"तुमच्या आईला उलट रिंग दिली तर?" चिमणाबाईंनी विचारलं.

"तर ती उचलते आणि अर्धा तास बोलते."

"बया! मंग समजल्याचं कसं सांगता?"

साहेब स्वतःच हसायला लागले. बायकाही हसल्या, आणि कुणीतरी त्यांच्या हातात चहाचा पेला ठेवला.

"तुमचा निरोप रात्री ऐकला," ते मला म्हणाले. "आई आलीय सध्या माझ्याकडे, तिलाही ऐकवला. ती म्हणाली, फुलं तोडलीत ना त्यांनी? मग इथे काय बसलास, तोंडावर जाऊन नाही म्हणून ये." त्यांनी चहाचा घोट घेतला आणि पहिल्यांदा इकडेतिकडे नीट बघितलं. पाट्या, बायका, रिकामा रस्ता. "पण या रोज इथूनच चढायच्या? मग माझ्या संगणकात एकही कशी नाही? तिकीट तर काढत असाल?"

"काढतो तर!" मोठ्याई दुखावली. "कंडक्टर आला का पैसे हातातच देतो."

हा प्रश्न मलाही कित्येक दिवस छळत होता. "मोठ्याई, जुनं तिकीट आहे का एखादं?"

तिनं कनवटीची पिशवी सोडली. तंबाखूच्या डबीखालून चुरगळलेलं, पुसट झालेलं तिकीट निघालं. साहेबांनी ते मोबाइलच्या उजेडात धरलं. आम्ही दोघांनी एकदमच वाचलं: आश्रमशाळा ते पंचवटी.

"हा थांबा यंत्रातच नाही," मी म्हणाले. "म्हणून कंडक्टर मागच्या थांब्याचं तिकीट फाडायचा."

साहेबांनी तिकीट उलटसुलट करून पाहिलं. "म्हणजे आश्रमशाळेवरची ती गर्दी..."

"ह्या."

"आणि ह्यांच्या सोयीसाठी आम्ही बस..."

"ह्यांना टाळून नेली."

"तरीच!" ते जवळजवळ ओरडले. "रस्ता बदलल्यापासून ती फेरी रिकामी धावतेय! आम्ही आश्रमशाळेवर दोनदा माणूस पाठवला, लोक कुठे गेले बघायला!"

"आम्ही कुठं जानार?" मोठ्याई म्हणाली. "हितंच तर हाय."

साहेबांनी फोन लावला. यावेळी समोरच्यानं उचलला. पहिल्या बसचा चालक आश्रमशाळेच्या थांब्यावर उभा होता, रिकामी गाडी घेऊन. त्याला वळण घ्यायला सांगितल्यावर तो बराच वेळ बोलत राहिला. साहेब "हो", "माझ्या जबाबदारीवर", "अहो, मी स्वतः उभा आहे इथे, गळ्यात तोरण घालून" असं म्हणत होते. फोन ठेवल्यावर आमच्याकडे वळले.

"दसऱ्यापर्यंत रोज वळवतो. तेवढ्यात यंत्रात थांबा घालून घेतो, मग तिकिटं इथली निघतील आणि मला कुणाला काही पटवावं लागणार नाही. थांब्याचं नाव काय घालू?"

"सातमळा फाटा," मी म्हणाले.

"रामफळ," बाकी सगळ्या म्हणाल्या.

"रामफळाचं झाड कुठंय?"

"होतं. माझ्या लग्नाच्या वक्ताला पडलं," चिमणाबाई म्हणाल्या. "पन जागा तीच हाय ना."

साहेबांनी मोबाइलवर 'रामफळ' लिहून घेतलं.

मोठ्याईच्या कमरेचा फोन परत वाजला. वळणावर दोन दिवे आले, मोठे, पिवळे, एकमेकांपासून नीट अंतर ठेवून. कुणी ओरडलं नाही. सगळ्यांनी आपापल्या पाट्या उचलल्या. बस थांबली, दार उघडलं, आणि मग मात्र एकच कालवा झाला. पाट्या मधल्या वाटेत, पाट्या ड्रायव्हरमागे, पाट्या मांडीवर. कंडक्टर "अहो काकू, माणसं बसू द्या!" म्हणत राहिला, त्याला चिमणाबाईंनी "माणसंच बसलीत" असं सांगितलं. साहेब मोटरसायकलवरून मागे मागे येत होते. त्यांनी तोरण काढलं नव्हतं.

मीही बसले. पायरीचं काय झालं ते बघायचं होतं.

पंचवटीत उतरलो तेव्हा दिवे अजून लागलेले होते. मोठ्याई पाटी घेऊन इतकी भरभर निघाली की मला पळावं लागलं. देवळापाशी येऊन ती थांबली. पायरीवर गोणपाट अंथरलेलं होतं आणि त्यावर एक मुलगी गुलाबाच्या जुड्या लावत होती. माझ्याहून लहान असेल. तिनं मोठ्याईला पाहिलं आणि हातातली जुडी तशीच धरून ठेवली.

"मावशी, तुम्ही येत नव्हता म्हणून..." ती म्हणाली. "लोक म्हणाले, जागा मोकळी झाली."

मला वाटलं आता भांडण होणार. आजूबाजूच्या बायकाही हात थांबवून बघत होत्या. मोठ्याईनं पाटी खाली उतरवली, कमरेवर हात ठेवून पायरीकडे बघितलं, मग मुलीकडे.

"नाव काय तुझं?"

"पल्लवी."

"गुलाब कोनाचे?"

"आमचेच. मखमलाबादचे."

"झेंडू हाय का तुझ्याकडं?"

"नाही."

"मंग सरक जरा तिकडं," मोठ्याई म्हणाली. "झेंडू घेनाऱ्याला गुलाब लागतोच, आन् गुलाब घेनाऱ्याला झेंडू. आतापर्यंत मला सांगावं लागायचं, गुलाबाला जा बाबा कोपऱ्यावर. आता नाय सांगनार." तिनं पल्लवीचं गोणपाट एका बाजूला ओढलं, आपलं फडकं दुसऱ्या बाजूला पसरलं आणि पायरीच्या बरोबर मध्यावर न बसता थोडी आपल्याच बाजूला जास्त जागा ठेवून बसली.

पाटीवरचं ओलं फडकं काढल्याबरोबर पायरी केशरी झाली. एक म्हातारे गृहस्थ लगेच थांबले. "नवसाबाई! होता कुठे तुम्ही? मला वाटलं..."

"काय वाटलं?" मोठ्याईनं डोळे बारीक करून विचारलं.

"काही नाही, काही नाही. पाव किलो द्या."

तिनं तराजू उचलला. मी तिच्यासमोर उभी राहून बघत होते, आनंदानं माझ्या तोंडून काहीतरी निघणार होतं, तोच ती माझ्यावर खेकसली.

"योगे, बाजूला हो आधी! तुझ्यामागं पायरी दिसत नाय लोकांला."